ओलं आहे, हात लावू नका

गोव्यात जून ते सप्टेंबर काहीही वाळत नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, काडेपेटीतली काडी पेटत नाही, मिठाची बरणी उलटी धरून थोपटली तरी मीठ जागचं हलत नाही आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी मखमल उगवते. अशा प्रदेशात, तेही पेडण्यात, जन्म घेऊन माझ्या भाचीनं जगातल्या तमाम रंगांतून नेमके तैलरंग पसंत केले. घरात तिला आम्ही बाय म्हणतो. ती चित्रकला शिकायला लागली तेव्हा घरातलं कुणीही हादरलं नाही. ती तैलरंगांकडे वळली तेव्हा मात्र दोन तालुके हादरले. त्यातला डिचोली हा माझा.

तैलरंग वाळतो म्हणजे त्यातून काही उडून जात नाही, हे मला तिनंच शिकवलं. रंगातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. हळूहळू म्हणजे बोटाला लागेनासं व्हायला दिवस किंवा आठवडे. थर जाड असेल तर आतपर्यंत आळायला महिने. प्रत्येक रंगाची तऱ्हा निराळी. अंबर नावाच्या तपकिरी मातीत मँगनीज असतं, त्यामुळे तो चटकन आवरतं घेतो. अलिझरिन लाल मात्र पाहुण्या मावशीच्या वरचा; आज जाते, उद्या जाते करत राहतो. आमच्याकडे जुलैच्या हवेत प्राणवायू कमी आणि पाणीच जास्त असावं असा माझा संशय आहे, पण बाय म्हणते, मामा, तू शास्त्रात पडू नको.

वाळत नाही याचा खरा त्रास रंगाला होत नाही, माणसांना होतो. जलरंगाचं चित्र लवकर वाळतं. टीकाकार छत्री मिटून, पाय धुऊन ओसरीवर येईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. त्याला ‘छान आहे’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. तैलचित्र महिनाभर ओलं राहतं आणि ते ओलं आहे तोवर बदलता येतं, ही बातमी पेडण्यात पसरली. ज्यांनी जन्मात चित्राकडे मान वळवून पाहिलं नव्हतं तेही मग सूचना घेऊन येऊ लागले. ‘अजून ओलं आहे ना? मग तो डोंगर जरा डावीकडे घे.’

माझे भाऊजी, म्हणजे बायचे वडील, व्यवहारी गृहस्थ. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतं?’ मी त्यांना गोव्याची परंपरा ऐकवली. पणजीला गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे. मडगावच्या लक्ष्मण पै यांच्यासारखा चित्रकार १९७७ ते १९८७ तिथे प्राचार्य होता. त्याआधी आमच्या पोरांना थेट मुंबईचं जे. जे. गाठावं लागायचं. सांगे इथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शावियर त्रिंदाद तिथे शिकले, तिथेच शिकवूही लागले आणि लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणू लागले. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझाही जे. जे. मध्येच होता. सूझाला तिथून काढून टाकलं होतं, हा तपशील मी भाऊजींसाठी वगळला.

शिक्षणाची सुरुवात डोळे बारीक करण्यापासून झाली. डोळे अर्धे मिटून पाहिलं की बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे तेवढे दिसतात. म्हणून बायचे सर वर्गभर ‘डोळे बारीक करा, टोन बघा’ असं बजावत फिरायचे. बायनं ते घरी आणलं. ती भाताच्या तपेल्याकडे डोळे बारीक करून बघू लागली, बसच्या पाटीकडे बघू लागली, देवळात आरतीच्या वेळी देवाकडेही तसंच बघू लागली. अक्का, म्हणजे माझी बहीण, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. अक्काचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला.

त्याच सुमारास सावंतवाडीकडचे दूरचे नातेवाईक ‘सहज’ आले. बरोबर मुलगाही ‘सहज’ होता. चहा झाल्यावर मुलाच्या आईनं अक्काला बाजूला घेतलं.

‘मुलगी गुणी आहे हो, पण तिच्या नजरेचं काही औषधपाणी चाललंय का?’

ते गेल्यावर अक्कानं लेकीला विचारलं, ‘कसा वाटला गो?’

‘मिडटोनच नाहीत त्याला,’ बाय म्हणाली. ‘सगळा सपाट.’

अक्कानं हे कसलं तरी जीवनसत्त्व समजून ‘लग्नानंतर खाण्यापिण्यानं सुधारेल’ असा निर्वाळा दिला.

दुसरा धडा मापाचा. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवायचा आणि समोरच्याचं डोकं त्याच्या उंचीत किती वेळा बसतं ते मोजायचं. माणसात हे प्रमाण साधारण साडेसात डोक्यांचं धरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायनं हा प्रयोग एका सुकी मासळी विकणाऱ्या बाईवर केला. बाई सुंगटांच्या ढिगामागून ओरडली, ‘कशाला मापतेस गो मला? पेटी करायला घेतलीस काय माझी?’ बायनं शांतपणे सांगितलं की मावशी, तू सहाच डोक्यांची आहेस. त्या दिवसापासून आम्ही सुकी मासळी डिचोलीत घेतो.

मग तैलरंग घरात आले आणि सामानाची यादी आली. रंगाच्या नळ्या, टर्पेंटाइन, जवसाचं तेल, कॅनव्हास, पॅलेट, सुऱ्या आणि ब्रश. बायनं उत्साहानं आजीला, म्हणजे तिच्या बापाच्या आईला, सगळी माहिती दिली. ही धातूची नळी जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १८४१ साली काढली. नळी आली म्हणून चित्रकारांना रंग खिशात घालून बाहेर उघड्यावर बसता येऊ लागलं. आजीनं विचारलं, ‘त्याच्या आधी कशात ठेवायचे?’ बायनं खरं सांगितलं: डुकराच्या मूत्राशयात. आजीनं कानांवर हात ठेवले. तरी तोवर निभावलं होतं, कारण ती गोष्ट जुनी आणि लांबच्या देशातली होती. पण बायला माहिती देण्याची हौस. ती पुढे म्हणाली, ‘आणि हे ब्रश आहेत ना आजी, ते अजूनही डुकराच्याच केसांचे. कडक असतात, जाड रंग चांगला उचलतात.’ ब्रश धुऊन तुळशीच्या वृंदावनावर वाळत घातले होते.

वृंदावनाची शुद्धी झाली. ब्रशांची रवानगी गोठ्यात झाली, जिथे गाय नव्हती पण स्कूटर होती.

यापुढचा प्रसंग भाऊजींच्या काटकसरीतून उगवला. जवसाच्या तेलाच्या एवढ्याशा बाटलीची किंमत ऐकून ते गप्प झाले. ते गप्प झाले की आम्हाला धोका कळतो. घरचे माड, घरचं खोबरं, घाण्यावरून आणलेलं शुद्ध खोबरेल डब्यानं भरून ठेवलेलं, आणि पोरगी तेल विकत आणते! त्यांनी रात्री बायच्या बाटलीतलं जवसाचं तेल खोबरेलाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, तिच्या बाटलीत घरचं खोबरेल भरलं आणि मुलीच्या शिक्षणाला हातभार लावल्याच्या समाधानात झोपले.

तेलांच्या दोन जाती असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. जवस, अक्रोड, खसखस ही वाळणारी तेलं. खोबरेल जन्मात वाळत नाही, म्हणून तर ते आपण डोक्याला लावतो. बायनं त्या तेलात पेडण्याच्या बाजाराचं चित्र रंगवलं. ते आजही ओलं आहे. डिसेंबरातल्या थंड पहाटे खोबरेल थिजतं आणि चित्रावर पांढुरका थर येतो, तेव्हा बाजारात धुकं पडतं. ऊन चढलं की धुकं विरतं, बाजार पुन्हा चकाकतो. हवामानाप्रमाणे बदलणारं असं निसर्गचित्र युरोपात कुणाला साधलेलं माझ्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या बाटलीचं काय झालं? ती आजीनं सवयीनं उचलली आणि न्हाऊन आल्यावर डोकीला चोपडली. जवसाच्या तेलानं आपला धर्म पाळला. त्यानं हवेतला प्राणवायू घेतला आणि ते घट्ट झालं. आजीचा अंबाडा बरेच दिवस जागचा हलला नाही. झोपेतही नाही. तिला स्वतःला ते वाईट वाटलं नव्हतं. ‘आता रोज वेणी घालायला नको,’ असं ती म्हणालीही. पण भाऊजींना घरात कुणावर तरी रागवायचं होतं आणि स्वतःवर रागवायची पद्धत आमच्याकडे नाही. त्यांनी फर्मान काढलं: चित्रकला चालू राहील, पण ओलं चित्र या घरात राहणार नाही.

अशा रीतीनं बाय पेडण्यात रंगवायची आणि चित्रं डिचोलीत वाळायची, अशी व्यवस्था ठरली. माझ्या घराला माळा आहे, त्यावर पत्रे आहेत, आणि उन्हाळ्यात तिथे अंडं उकडेल एवढी उष्णता असते. या गुणाचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं.

ओलं तैलचित्र पेडण्याहून म्हापशामार्गे डिचोलीला बसनं न्यायचं म्हणजे काय, हे ज्यानं नेलंय त्यालाच विचारा. ते गुंडाळता येत नाही, झाकता येत नाही, आडवं ठेवता येत नाही. दोन्ही हातांनी कडेला धरायचं, रंगवलेली बाजू कुणाच्या तरी दिशेनं येणारच. आमच्या खासगी बसमध्ये रिकामी जागा असणं हा कंडक्टरला वैयक्तिक अपमान वाटतो. तो ‘फाटीं सर, फाटीं सर’ करत माणसं ढकलत होता आणि मी निसर्गचित्र घेऊन मागे सरत होतो. पुढे एक पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले गृहस्थ उभे. कुठल्या वळणावर नव्हे, साध्या खड्ड्यातच बसनं उसळी मारली आणि माझ्या हातातला अख्खा सूर्यास्त त्यांच्या पाठीवर उतरला. त्यांना काही कळलं नाही. मीही बोललो नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांच्या पाठीवर तो जास्त चांगला दिसत होता. ते म्हापशाला उतरून निघून गेले. सर चित्र पाहून बायला म्हणाले म्हणे, ‘आकाश आता छान मऊ झालंय. कसं केलंस?’

माळ्यावर चित्रांबरोबर चिंध्याही आल्या. जवसाचं तेल लागलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकली तर ती आतल्या आत तापत जाते आणि कधी कधी आपोआप पेट घेते. हे खरं आहे. म्हणून चिंध्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. माझ्या बायकोनं हे ऐकलं आणि तिनं घरातल्या सगळ्याच फडक्यांवर संशय घेतला. रात्री उठून ती टॉवेलना हात लावून बघायची. चिंध्या कमी पडू लागल्या तेव्हा माझे सदरे वयात येण्याआधीच चिंध्यांत जमा होऊ लागले. दोरीवर निळे, लाल, पिवळे फडफडणारे ते तुकडे पाहून शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ‘कसला उत्सव?’ म्हणून वर्गणी काढून ठेवली होती.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. पहिला टप्पा स्थिरचित्राचा, म्हणजे स्टिल लाइफ. वस्तू मांडायच्या आणि त्या हलणार नाहीत या भरवशावर रंगवायच्या. बायनं मांडला चिबूड. श्रावणातला, पेडण्याच्या डोंगरावरचा, पिवळाधमक. चिबडाची खोड अशी की तो पिकला की स्वतःच फुटतो. पहिल्या दिवशी तिनं गोल आकार आखला. दुसऱ्या दिवशी त्याला भेग. तिनं भेग रंगवली. तिसऱ्या दिवशी तो उघडला आणि घरभर असा वास सुटला की गूळ-खोबरं घेऊन मंडळी आजूबाजूला घुटमळू लागली. मी फक्त मागच्या बाजूचा तुकडा घेतला होता, जो चित्रात येत नव्हता. पण सावली बदलते म्हणे. शेवटी चित्राला ‘बियांचा अभ्यास’ असं नाव द्यावं लागलं.

मग बांगडे. बांगड्याच्या पाठीवरचा तो निळा-हिरवा-काळा पट्टा आणि पोटाची चांदी तैलरंगात धरणं ही मोठी परीक्षा. चांदीचा रंग वापरायचा नाही. राखाडी, पांढरा आणि शेजारच्या रंगाचं प्रतिबिंब यांतूनच चमक आणायची. बाय परातीतल्या बांगड्यांसमोर बसली. मागे माझी बायको मसाला वाटून उभी.

‘झालं का गो?’

‘मामी, अजून डोळ्याचा हायलाइट राहिलाय.’

‘डोळा मी बाजूला काढून देते. बाकीचे दे.’

मांजरानं हा वाद मिटवला. परीक्षकांनी मात्र त्या चित्राचं कौतुक केलं. रिकाम्या परातीच्या भोवती एक विषण्ण अवकाश आहे, असं ते म्हणाले.

निसर्गचित्रासाठी आम्ही मये तळ्यावर गेलो. मी छत्री धरायला. तिथे पर्यटकांनी वेढा घातला आणि प्रत्येकाला बोटी हव्या होत्या. एका गृहस्थांनी ‘आमच्या मिसेस इथे उभ्या राहतील, त्यांना घ्या’ अशी सूचनाही केली आणि मिसेस उभ्याही राहिल्या. आम्ही तिथून उठून खाणीच्या बाजूच्या रस्त्याला जाऊन बसलो. डिचोलीची लाल टेकडी, वर पावसाळी आकाश, मधून जाणारे ट्रक. चित्र उत्तम जमत होतं. फक्त प्रत्येक ट्रकमागून येणारी तांबडी धूळ ओल्या रंगावर बसायची आणि तिथेच राहायची. बाय आधी रडकुंडीला आली, मग तिनं टेकडी रंगवायचं सोडून दिलं आणि ट्रकची वाट बघत बसली. संध्याकाळपर्यंत टेकडी आपोआप पूर्ण झाली. लोहयुक्त मातीचे रंग गुहेतल्या माणसापासून आजवर सगळ्यांनी वापरले. आपल्या जुन्या देवळांवरची कावी कलाही तांबड्या मातीवरच उभी आहे. घरपोच सेवा मात्र फक्त डिचोलीत.

यानंतर व्यक्तिचित्र. इथे मी बसलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. खुर्चीत, मान किंचित वर, खिडकीकडे बघत, न हलता. पहिली काही मिनिटं मला मी विचारवंत वाटलो. मग नाक खाजलं. मग पाय गेला. मग मी गेलो, म्हणजे झोपलो. जागा झालो तेव्हा कॅनव्हासवर तोंड उघडं टाकलेला, दोन हनुवट्या असलेला एक इसम होता.

‘हा कोण?’

‘तू मामा.’

‘केस कुठे आहेत?’

‘मला दिसतं तेच मी काढते.’

‘अगो, दिसतं ते लोकांना रोज फुकट दिसतंच. चित्रात निदान...’

तिनं मला रेम्ब्रांची आत्मचित्रं दाखवली. बटाट्याएवढं नाक, डोळ्यांखाली पिशव्या, आणि हा माणूस म्हातारा होईपर्यंत तेच तेच रंगवत राहिला. एकदाही स्वतःला सवलत दिली नाही. मी म्हटलं, त्याचं नाव झालं होतं, मला अजून डिचोलीच्या बाजारात फिरायचं आहे. मग तिनं आमच्या त्रिंदादांची चित्रं काढली. त्यांनी आपल्या बायकोला, फ्लोरेंतिनाला, कितीदा आणि किती मायेनं रंगवलं, ते ती सांगत होती. पणजीला फुंदासाव ओरिएंत या संस्थेनं त्यांच्या चित्रांचा संग्रह ठेवलाय, जाऊन बघा, असंही म्हणाली. हे माझी बायको मागून ऐकत होती. ‘यांनी माझा साधा फोटो काढला तर त्यात डोकं नसतं,’ एवढंच ती म्हणाली. त्यात चुकीचं काही नव्हतं. माझ्या हनुवट्यांचा विषय तिथेच संपला.

पण हे सगळं लुटुपुटूचं. खरी लढाई झाली ती पेडण्याच्या आजोबांच्या तैलचित्रावर. आजोबा, म्हणजे भाऊजींचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. घराला शंभर की कितीशी वर्षं होणार होती आणि त्यानिमित्त दर्शनी भिंतीवर त्यांचं मोठं तैलचित्र लावायचं ठरलं. घरात चित्रकार आहे, बाहेर पैसे का द्या? अडचण इतकीच की आजोबांचा एकच फोटो उपलब्ध होता, पोर्तुगीज काळातल्या ओळखपत्रावरचा, टपाल तिकिटाएवढा. त्यावरही शिक्का होता आणि तो नेमका डाव्या गालावर.

बायनं आठवडेच्या आठवडे खपून चेहरा उभा केला. मला तो चेहरा विलक्षण वाटला. जरा चिडलेला, जरा भुकेला, खरा. अंगात तिनं साधा सदरा घातला, कारण आजी म्हणाली की ते साधाच सदरा घालत. चित्र ओलं होतं. इथेच घात झाला.

पहिले आले थोरले काका. आजोबा पोर्तुगीज कचेरीत कारकून होते, तेव्हा कोट-टाय हवाच. ‘नाहीतर लोकांना वाटेल आपण असेच.’ बायनं कोट चढवला, टाय बांधला. आठवड्यानं मधले काका आले. त्यांना अलीकडे स्वातंत्र्यसंग्रामाची ओढ लागली होती. आजोबा मुक्तिलढ्यात होते असं त्यांना आतून वाटत होतं. आजीला बाहेरून तसं काही आठवत नव्हतं. ‘टाय काढ. गांधी टोपी घाल.’ मग मुंबईहून धाकटे काका उतरले, त्यांनी इतिहास वाचला होता. पेडणे पोर्तुगिजांकडे १७८८ साली आलं, त्याआधी आपण सावंतवाडीकरांच्या मुलखात. ‘टोपी कसली? आपल्या घराण्याला फेटा शोभतो.’ फेटा आला. फेट्याला मिशी लागते म्हणून मिशीही आली. आत्यानं येऊन गाल भरून घेतले, कारण आमच्याकडे कुणी उपाशी नव्हतं. शेवटी शेजारच्या एकानं जाता जाता ‘रंग जरा उजळ करा’ म्हटलं आणि घराचा त्यावर पहिल्यांदाच एकमुखी ठराव झाला.

तैलचित्रात एक नियम आहे: खालचा थर रोडका, वरचा स्निग्ध. म्हणजे प्रत्येक नव्या थरात तेल आधीपेक्षा जास्त हवं, नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि चित्राला भेगा जातात. टायवर टोपी, टोपीवर फेटा, फेट्यावर उजळपणा असं चढत जाताना शेवटच्या थरापर्यंत आजोबा इतके तेलकट झाले की भिंतीवर टांगल्यावर ते हळूहळू खाली सरकत आहेत असा भास व्हायचा.

समारंभाला गावातले सगळ्यांत वयस्क गृहस्थ आले. आजोबांबरोबर शाळेत होते. चित्रापुढे काठी टेकून ते बराच वेळ उभे राहिले. घर श्वास रोखून.

‘छान आहे. कोण हा?’

‘आजोबा.’

‘कुणाचे?’

भाऊजींनी लगेच त्यांना लाडू दिला. बाय मात्र खुशीत होती. मी कारण विचारलं तेव्हा तिनं मला कोपऱ्यात नेऊन एक गंमत सांगितली. तैलरंग जसजसा जुना होतो तसतसा तो पारदर्शक होत जातो आणि खाली झाकलेलं वर दिसू लागतं. जुन्या मोठ्या चित्रांत असं कुठे पाचवा पाय, कुठे आधीचा हात उगवलेला सापडतो. ‘म्हणजे मामा, शंभरएक वर्षांनी फेट्यातून टोपी दिसेल, टोपीतून भांग, आणि गळ्यात टाय.’ मी म्हटलं, आणि चेहरा? ‘तो सगळ्यात खाली आहे,’ ती म्हणाली. ‘त्याला वेळ लागेल.’

तैलचित्रामुळे बायचं नाव झालं आणि नाव झालं की गोव्यात कामं येतात. पैसे येत नाहीत. ‘कला तीच ना’ या तत्त्वावर तिला लग्नाच्या कमानीवरची अक्षरं, क्रिकेट स्पर्धेच्या ढालीवरचा गेंडा आणि एका हेअर कटिंग सलूनच्या काचेवरचा नट काढावा लागला. देवस्थानाच्या जत्रेच्या नाटकाला पडदा हवा होता, अर्धा राजवाडा, अर्धं जंगल. मोबदल्याचं विचारताच कमिटीचे लोक वर बघत म्हणाले, ‘देवाचं काम.’ सगळ्यात मोठी दाद मिळाली ती दिवाळीला. वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराचं तोंड रंगवायला तिला बोलावलं. ते तोंड इतकं जिवंत उतरलं की रात्रभर आसपासच्या वाड्यांवरून माणसं बघायला आली, तिच्याबरोबर फोटो काढून गेली. पहाटे नियमाप्रमाणे ते पेटवून दिलं. ‘पहिल्यांदा माझं एक काम वेळेत वाळलं,’ बाय म्हणाली.

आताशा ती अमूर्ताकडे वळली आहे. मोठे कॅनव्हास, त्यावर रोलरनं आणि सुरीनं ओढलेले रंग. डोंगर नाही, बांगडा नाही, मामा नाही. गुरुजी एकदा माळ्यावर येऊन मान इकडेतिकडे वाकवून पाहून गेले आणि ‘पूर्ण झालं की बोलवा’ म्हणाले. मीही खाजगीत त्याच मताचा होतो. पण एकदा बायनं वासुदेव गायतोंड्यांची गोष्ट सांगितली. कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. चं, स्वभाव एकलकोंडा. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, विचार जास्त आणि रंगवणं कमी. त्यांच्या एका चित्राला २०२१ च्या मार्चमध्ये लिलावात जवळपास ४० कोटी रुपये आले. मी आकडा दोनदा विचारला. चित्रकार स्वतः २००१ सालीच गेले होते, हे ती पुढे म्हणाली, पण तोवर मी गुरुजींकडे निघालो होतो. अमूर्ताकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या रात्रीत परिपक्व झाली. तिनं नापसंत करून टाकून दिलेला एकेक कॅनव्हास मी माळ्यावर नीट रचू लागलो. भाऊजीही हल्ली दर रविवारी पेडण्याहून ‘सहज’ येतात आणि कॅनव्हास मोजून जातात.

त्यातला सगळ्यात मोठा, भगव्या-पिवळ्या रंगाचा, ‘मे महिना’ नावाचा, परवा जागेवर नव्हता. मी घामाघूम. खाली आलो तर स्वयंपाकघरात नेहमीची झड येत नव्हती. पश्चिमेच्या खिडकीला बायकोनं बाहेरून ‘मे महिना’ चार खिळे मारून ठोकला होता. रंगाची बाजू पावसाकडे.

मी डोक्याला हात लावून बसलो. बाय आली तेव्हा मला वाटलं आता हिचं रडू आवरायला हवं. पण ती लांबून डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली की यात वावगं काही नाही, व्हेनिसमध्ये दमट हवेनं भिंतीवरची चित्रं टिकेनात म्हणून तिथल्या लोकांनी जहाजाच्या शिडाचं कापड घेतलं आणि त्यावर तैलरंग लावले. कॅनव्हासला पाऊस नवा नाही.

समोर गुरुजी छत्रीखाली थांबले होते. ‘आत्ता कळलं,’ ते ओरडले. ‘काय सुंदर पाऊस काढलाय!’

‘थेंब म्हणून आत येत नाही गो,’ माझी बायको बायच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं एखाद्या चित्राला मनापासून दिलेली ही पहिलीच दाद. ‘अस्सं एक आणखी करशील? न्हाणीच्या खिडकीला. तीन बाय चार. आणि रंग जरा जाड लाव.’